सतरावी डिस्क

पहिला खंड ऐकला तेव्हा फर्गस दहा वर्षांचा.
दातांच्या तारा आवळून घ्यायला महिन्यातून एकदा इन्व्हरकार्गिल,
जेमतेम तासाची वाट, तितकीच परत.
गोरच्या लायब्ररीतल्या तेवीस डिस्क
आणि सतरावीवर कुणाच्या तरी घाईचा ओरखडा.

वेर्राथला वेढा पडला, भिंतीला शिड्या लागल्या,
आणि आवाज अडखळला, दर दर दरवा
मग एकदम राजवाड्यात कुणाचं तरी लग्न.
दरवाजा कसा पडला, आम्हाला आजही ठाऊक नाही.
फर्गस म्हणाला, आतून उघडला असणार.
कुणी?
भट्टीवरच्या पोरानं. त्याला घरी जायचं होतं.
नंतर ते प्रकरण कुठंही मिळालं असतं.
आम्ही शोधलं नाही.

आता अकरावा. त्रेचाळीस तास, नऊ मिनिटं.
आठव्यापासून वाचणारा बदलला,
आधीच्याचा घसा कायमचा बसला म्हणे.
नवा 'वेराथ' म्हणतो, गुळगुळीत, एका र-चा.
आम्ही साउथलँडची माणसं, र घोळवल्याशिवाय सोडत नाही.
अख्खा आठवा खंड मी त्याला शिव्या घालत ऐकला.
मग एका रात्री एका आंधळ्या घोडीचं नाव घेण्याआधी
तो असा काही थांबला,
की त्याचा र माफ.

सप्टेंबर. गाई विताहेत, टँकर रात्रभर.
पाइप जोडा, नमुना घ्या, तापमान लिहा.
पाठीशी अठ्ठावीस हजार लिटर दूध डुचमळतं
आणि केबिनमध्ये सात मुखांच्या नदीवर
म्हातारा तोबरिन नाव वल्हवतो.
गोठ्याशी उतरताना त्याला थांबवते,
भर धारेत, वल्हं उचललेलं.
बिचारा प्रत्येक शेतावर वीस मिनिटं तसाच.

फर्गस पिलबाराच्या खाणीत. लोखंड, लाल धूळ.
आमचा करार, कुणी पुढं जायचं नाही.
रविवारी फोन.
कुठवर?
एकोणचाळीस.
मीपण.

मंगळवारी पहाटे तीन, रिव्हर्सडेलच्या अलीकडे,
तोबरिनच्या नावेत सहा मुलं, पाणी चढतंय,
आणि फोन वाजला. मंगळवारी तो कधी करत नाही.
काय खाल्लंस?
सँडविच.
थंडी?
दंव गोठलंय.
कुत्र्याचा पाय?
बरा आहे.
मग नुसताच गप्प. त्याच्यामागं काहीतरी घरघरत होतं.
ठेवू का, म्हटलं, तोबरिन ताटकळलाय.
थांब ना जरा.
थांबले.
त्या टेकडीपुढं गाडी बाजूला घ्यायला जागा आहे ना?
आहे की.
बरं, म्हणाला. बरं मग.

टेकडीपुढं तोबरिननं सहावं मूल काठावर लोटलं
आणि वल्हं सोडून दिलं.

वाचणारा पुढचा श्वास घेईतो
मी कडेला उभी होते, पिवळे दिवे लुकलुकत.
पाठीमागचं दूध हिंदकळत हिंदकळत
कितीतरी वेळानं निवांत झालं.
सोळा वर्षं ओळखत होते त्या नावाड्याला.
माझ्या लग्नापेक्षा जास्त.

मग उमजलं. पोरगा पुढं गेला होता.
माझी फेरी, शेतं, प्रत्येक गोठ्याची वीस मिनिटं,
सगळा हिशेब बोटांवर मांडत बसला असणार
तिकडच्या रात्री अकराला, बूट न काढता,
आणि तरी दहाएक मिनिटांनी चुकला.

रविवारी विचारलं, कुठवर?
बेचाळीस, म्हणाला. आई, तोबरिन! ऐकलंस?
आवाजात केवढा तो धक्का.
लहानपणी दात घासले सांगायचा, अगदी तस्साच.
ऐकलं, म्हटलं. पुढं ब्रसुद्धा काढला नाही.

शेवटचा खंड येत्या वसंतात,
असं चौथ्यांदा सांगताहेत.
येईल तेव्हा येईल.
कुत्र्याचा पाय, खरं तर, अजून बरा नाही.