फ्रिजची डावी बाजू

एक जुलै. आज माँट्रियलमध्ये अर्धं शहर
उरलेल्या अर्ध्या शहराच्या घरात राहायला निघालंय.
फुटपाथवर गाद्या उभ्या,
बाहेरच्या लोखंडी जिन्यांवरून कपाटं
पाठमोरी उतरतायत, शिव्या खात,
आणि आमचा जिस्लँ ट्रक घेऊन नऊला येणार होता.
साडेअकरा झाले.

मी फ्रिजपाशी, गुडघ्यांवर.
घरमालकीण मादाम त्रेपानिए चिठ्ठी ठेवून गेल्यात:
ओव्हन घासलेला हवा, भिंतीत खिळा नको,
आणि फ्रिजवरचा ‘तो प्रकार’ काढावा.

तो प्रकार म्हणजे एकोणीस वर्षांची फळं.
पपांनी खाल्लेल्या प्रत्येक सफरचंदावरचा, पेअरवरचा, केळ्यावरचा
नखाएवढा कागद.
वरच्या ओळी पट्टी लावल्यासारख्या.
खांदा धरायला लागला तशा त्या खाली उतरल्या,
कमरेपाशी आल्या, तिरक्या झाल्या,
मग नुसती पेरणी.

आधी केसांचा ड्रायर.
गरम वारा लागला की एखादा कोपरा सैल होतो, नख आत शिरतं.
काही गुणी. सबंध सुटतात.
काही वरचं रंगीत तेवढं देतात
आणि खालचा पांढरा लगदा दाबून धरतात.
त्यांना कनोलाचं तेल, चिमूटभर खायचा सोडा,
बोटाने गोल गोल, आणि दहा मिनिटं
त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही.
घाईने सुरी लावली तर ओरखडा राहतो,
हे मला तिसऱ्या ओळीत कळलं.

पपा ‘नाजूक, काच’ लिहिलेल्या खोक्यावर बसलेत.
बसू नका म्हटलं होतं.
‘ते चिलीचं,’ म्हणतात. ‘वीज गेली होती त्या आठवड्यातलं.’
‘ते पिठूळ निघालं. मी दुकानात जाऊन सांगितलं होतं.’
‘ते केळं. तेही केळं. तेही.’
केळ्याचा आकडा आता मला पाठ आहे,
चार शून्य एक एक,
माझ्या बँकेचा नाही.

खालच्या कोपऱ्यात, ओळी सोडून, अकरा वेगळे.
डाळिंबं.
‘तुम्ही डाळिंब कधीपासून खाता?’
‘लुसेट आणायची. खालच्या मजल्यावरची.’
ड्रायर चालू होता, म्हणून मी बंद केला.
‘डाळिंब एकट्याने खायचं फळ नाही,’ पपा म्हणाले,
आणि खिशातून आलुबुखार काढून
बाहीला पुसायला लागले.

मी ड्रायर पुन्हा लावला. त्या अकरांना
जरा जास्तच वेळ ऊब दिली.
तेलाची गरज पडली नाही.

बारा वाजता शेवटचा लगदा निघाला.
ओल्या फडक्याने पुसलं, मागे सरकून पाहिलं, आणि बसलेच.
तळणाच्या वाफेने फ्रिज कधीचा पिवळा पडलेला.
प्रत्येक कागदाखाली मात्र तो विकत घेतल्या दिवसासारखा
पांढराशुभ्र.
शेकडो लहान लंबगोल, ओळीत, तिरके, विखुरलेले.
कोपऱ्यात अकरा.
काढलं सगळं, आणि आता रस्त्यावरूनही दिसेल.

‘छान झालं,’ पपा म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं.

खाली हॉर्न. जिस्लँ, खिडकीतून हात बाहेर,
भलत्याच कोणाचा तरी सोफा अजून ट्रकमध्ये.
पपांनी बी रुमालात बांधली,
आलुबुखाराचा कागद सोलून माझ्या हातावर लावला.
तेलावर तो टिकेना.
पुन्हा लावला, पुन्हा घसरला.
मग स्वतःच्या घड्याळाच्या काचेवर दाबून बसवला
आणि कठडा धरत उठले.

जिन्यात, तिसऱ्या पायरीवर, थांबून विचारलं,
‘तिथला फ्रिज भिंतीला टेकून आहे का?
डावी बाजू मोकळी असते का त्याची?’

मी ती खोली दोनदा पाहिली होती.
पलंग, कडी, आणीबाणीची दोरी, सगळं तपासलं होतं.
चिकट बोटांनी कठडा धरून उभी राहिले,
आठवत.