कानाची खूण

चोपड्याला, केळीच्या वखारीमागे
दर उन्हाळ्यात एक गोणी हलायची.
तोंड सुतळीनं बांधलेलं.
मी पाच वेळा सोडलं.
तीनदा वेळेवर.

यंदा भुरीलाच खोक्यात बसवून
लुनावर धुळ्याला नेलं.
टाके पडले चार. डाव्या कानाचं टोक गेलं.
भुलीतही शेपूट हलत होती,
माझा हात ओळखून,
की नुसतीच.

वखारीतल्या दगाजी हमालानं विचारलं,
"हिना कान कोनी कापा?"
मीच, म्हटलं. आता गोणी नाही लागायची.
तो बराच वेळ बोलला नाही.
मग तंबाखू थुंकून
माठाखालची परात
पायानं सरकवली
सावलीत, तिच्याकडे.

गेल्या सालचं एक अजून माझ्याकडे आहे.
कुणी मागायला येत नाही.
त्याच गोणीवर झोपतं.