आठ रंगांत संत्रं

मे महिना, दुपारचे तीन. कूलर बंद केलाय,
खसाचा ओलावा आणि उघडा मदरबोर्ड
यांचं जमत नाही, असं मीच ठरवलंय.
घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो,
मी मान मागे घेतो,
तो गुडघ्यावर पडतो. ठीक.

पाच स्क्रू स्टीलच्या वाटीत.
किबोर्डची पट्टी सोडवताना श्वास धरावा लागतो,
इतक्या वर्षांत प्लास्टिकचा पापड झालेला असतो.

सत्त्याऐंशी साली हे मशीन आम्ही दोघांत घेतलं,
मी आणि मोरेश्वर पराते,
सीताबर्डीत, दुबईहून आलेल्या एका माणसाकडून.
पावती नाही, पुस्तक नाही.
एक आठवडा माझ्याकडे अजनीला,
एक त्याच्याकडे गोळीबार चौकात,
सायकलच्या कॅरियरवर, उशीच्या खोळीत घालून.

पडद्यावरचं सगळं ही एकच चिप काढते.
चाळीस पाय.
इकडून केसभर उचकायची, तिकडून केसभर,
तव्याला चिकटलेली भाकर सोडवतात तशी.
निघाली.
खाली रिकामं सॉकेट, चाळीस तोंडं उघडून.

नवा बोर्ड काडेपेटीएवढा.
सॉकेटवर बोर्ड, बोर्डवर जुनी चिप,
म्हणजे तिची नोकरी शाबूत,
फक्त मध्ये एक दुभाषी बसवला.
एक वायर मात्र डाग देऊनच जोडायची.
राळेचा धूर डोळ्यांत गेला
आणि आयटीआयचे भोंगाडे मास्तर आठवले,
थरथरत्या हाताला ते डाग नाही, शिव्या द्यायचे.

बटण दाबलं. काळं.
पुन्हा दाबलं. काळंच.
एक पाय दुमडून पोटाखाली गेला होता,
बायकोच्या शिवणाच्या सुईनं तो सरळ केला,
सुई जागेवर ठेवली, तिला सांगणार नाही.

मग अक्षरं आली.
बोट कापेल अशा कडांची.
आम्ही पाहायचो तेव्हा टीव्हीवर मुंग्या असायच्या,
चॅनेलचं बटण धरून एकानं उभं राहायचं
आणि दुसऱ्यानं खेळायचं.

कॅसेट लावली. मोऱ्यानं लिहिलेली, "संत्रा मार्केट".
चार मिनिटं ती किंचाळते, मगच काही दाखवते.
टोपल्या आल्या. हातगाडी आली.
आणि संत्री?

लाल ठिपका, पिवळा ठिपका, लाल, पिवळा.
प्रत्येक फळाला गोवर उठलेला.
मशीनकडे रंग आठच, त्यात नारिंगी नाहीच,
हे मला तेव्हाही ठाऊक होतं,
तरी एकदाही विचारलं नाही
की मग आपण रोज बघतो ते काय?

फोन लावला.
"मोऱ्या, तुझी संत्री सडली."
"काऊन बे?"
सांगितलं. बोर्ड, चिप, ठिपके, सगळं.
तिकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाला,
"बाबूजी लाल ताण्यावर पिवळा बाणा टाकत.
लुगडं बाजारात नारिंगी म्हणून जाये.
मी तेच केलं, अजून काय येत होतं मले?
टीव्ही तुमचा बिचारा धुरकट,
त्यानं मिसळून दिलं."

मी म्हणालो, पण आता बिघडलं ना.

"बिघडलं काहून? तुले आता धागे दिसून राहिले."

चष्मा काढून पडद्याकडे पाहिलं.
टोपल्या भरल्या.
चष्मा लावला, पुन्हा गोवर.
दोनतीनदा केलं, लहान पोरासारखं,
मोऱ्या फोनवर तसाच थांबलेला.

चार स्क्रू बसले. पाचवा वाटीतच राहिला,
तो नेहमी राहतो.
फोन ठेवता ठेवता तो म्हणाला,
"आइक, चौऱ्याण्णवपासून तुह्याकडंच आहे ते.
हा आठवडा कोणाचा?"

कूलर लावलाय.
उशीची खोळ शोधतो आहे.