ळ, आवृत्ती १.२

बापाने रंगवलेली शेवटची पाटी
कळवा नाक्यावर मासळीच्या टेम्पोमागे होती.
टेम्पो भंगारात निघाला तेव्हा मी पत्रा कापून आणला:
'मा' गंजलेला, ळ शाबूत.

उजवी गाठ डावीपेक्षा बारीक, जराशी खाली घसरलेली.
ती शैली नव्हती.
प्रेसखाली सापडलेला अंगठा होता तो,
प्रत्येक ळला नेमका तिथंच दुखायचा.

कोपऱ्यात बारीक सही करायचा, 'मढवी आर्ट'.
गिऱ्हाईक म्हणायचं, तेवढं पुसा, पाटी आमची आहे.
पुसायचा. टर्पेंटाइनच्या बोळ्याने, काही न बोलता.
विटाव्याचा एक पोरगा त्याचा ळ गिरवू लागला,
स्वतःचा अंगठा धडधाकट असून
घसरलेल्या गाठीसकट.
मी तणतणत सांगायला गेलो तर म्हणाला,
"गिरवू दे रं. हात तं त्याचाच झिजतंय."

तो गेल्यावर दोन वर्षं लागली मला.
खारेगावच्या खोलीत, रात्री, जुन्या लॅपटॉपवर
पत्रे, दुकानांच्या फळ्या, होड्यांच्या नाळेवरची नावं
फोटोतून उचलून बिंदूबिंदूंवर ताणत बसलो.
काने, वेलांट्या, रफार,
चारशे बारा आकार झाले
आणि मग प्रश्न आला, हे कुणाचं.

ऐरोलीची एक कंपनी पैसे द्यायला तयार होती,
कर्जाचे चार हप्ते आरामात सुटले असते.
करारात सातव्या पानावर एक ओळ होती:
सदर अक्षरे यापुढे विक्रेत्यासही विनापरवाना वापरता येणार नाहीत.
म्हणजे बापाचं वर्षश्राद्ध
बापाच्या अक्षरात छापायला
मी ऐरोलीला अर्ज करायचा.

आई दारात शेजारणीच्या वाटीत विरजण घालत होती.
विरजण कुणी मोजून देत नाही.
नेलेल्या वाटीला कुणी कुलूपही लावत नाही,
उद्या तिच्याकडचं संपलं तर आमच्याकडून,
आमचं नासलं तर तिच्याकडून.

तर मी लिहिलं:
घ्या. वापरा, बदला, वाटा, कोणत्याही कारणासाठी.
बदललंत तर तेही असंच उघडं ठेवा.
आणि कोपऱ्यातलं नाव पुसू नका.

आता तो ळ सगळीकडे भेटतो.
केळी वेफर्सच्या पिशवीवर, 'लहान बाळांचे डॉक्टर'वर,
ज्याला बापाने हयातभर शिव्या घातल्या
त्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, चाळीस फूट.
गप्प बसतो. 'कोणत्याही कारणासाठी'
माझंच वाक्य.

मग मुंब्र्याहून अफशान खोत हिची मेल, सोबत फाईल.
सर, यात ऱ्य नव्हता, तो काढला.
आणि ळची उजवी गाठ चुकून घसरली होती, सरळ केली.
आवृत्ती १.२. परवाना तोच, नाव तिथंच.

चुकून.
तीन दिवस उत्तर लिहीत होतो, खोडत होतो.
पण तिला कुठून माहीत असणार,
परवान्यात अंगठ्याचं कलम मीच घातलं नव्हतं.

चौथ्या दिवशी तो ऱ्य मोठा करून पाहिला.
बापाने हे अक्षर कधी काढलंच नव्हतं बहुतेक,
'वारा' असेल रंगवला एखाद्या होडीवर,
'वाऱ्यावर' कुणी रंगवून घेतं का.
तिने तो त्याच्या र वरून काढलाय.
कुंचला उचलताना तो किंचित रेंगाळायचा,
तिथं ती रेंगाळलीय.
जे त्याने लिहिलं नाही
ते त्याच्या हातचं दिसतं.

"सुरेख आहे," एवढंच कळवलं.

पत्रिका काल छापायला टाकली.
साऱ्यांनी यावे, ही विनंती. कळावे.
ऱ्य तिचा घेतला, ळ पत्र्यावरचा.
प्रेसवाला पोरगा चष्मा वर करून म्हणाला,
काका, एका ओळीत दोन आवृत्त्या?
ही गाठ बघा, घसरलीय. नीट करू का?