काउंटर नंबर दोन

पेनिशच्या धक्क्यालगत आमची बँक,
शेजारी जाळ्या-दोरांचं दुकान,
त्यामुळे आमच्या नोटांनाही डांबराचा वास.
मंगळवारी दार उघडायच्या आधीच
सिन्योर अदेलिनू पायरीवर उभे,
टोपी हातात, कार्ड टोपीत.
"हे बंद कर, पोरी," म्हणाले,
"आणि मला काही विचारू नकोस."

विचारलंच मी.
फॉर्मात तसा रकाना आहे.

गुरुवारी निरोप आला, नंबर अनोळखी.
पप्पा, फोन पाण्यात पडला,
हा नवा नंबर, जुना पुसून टाक.
यांनी पुसला.
मग: जेवलास का?
मग: काय जेवलास?
यांनी चष्मा खाली ओढून एका बोटाने लिहिलं,
सार्डिन, उकडलेला बटाटा, अर्धा कांदा,
आणि गुडघा दुखतो जिना चढताना.
शुक्रवारी सकाळीच: गुडघा कसा आहे आता?

शनिवारी भाडं थकलं होतं. आठशे चाळीस युरो.
रविवारी आणखी काहीतरी. सहाशे दहा.
सोमवारी कार्डाचा फोटो मागितला, दोन्ही बाजूंनी.
यांनी खिडकीशी उजेडात धरून काढला,
मागचे तीन आकडे नीट दिसावेत म्हणून
बोट बाजूला घेऊन.

"बत्तीस वर्षं गळ टाकला मी," ते म्हणाले,
"आमिष मला कळू नये?
शुक्रवारीच कळायला हवं होतं.
माझा तेल्मू लक्झेंबर्गला असतो.
दोन-तीन महिन्यांनी फोन करतो,
आणि विचारतो, हवा कशी आहे.
गुडघ्याचं कधी विचारलं नाही त्याने."

मी कार्ड बंद केलं. रोजची मर्यादा खाली आणली.
पोलिसांचा कागद भरला, लिस्बनला कळवलं.
"येतील परत?"
"सांगता येत नाही."
हे वाक्य मी हळू म्हणायला शिकले आहे.
नवा पिन घेताना म्हटलं,
जन्मतारीख नको, लग्नाचं साल नको, होडीचा नंबर नको.
"म्हणजे मला काहीच आठवू नये असा?"
"चोराला सुचू नये असा."
बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले,
मागे दोना लुसिंदा पेन्शनचं पुस्तक आपटत होती.

"आता तो नंबर ब्लॉक करू या."
मी हात पुढे केला.
फोन त्यांनी छातीशी धरला होता.
"थांब," म्हणाले, "एकदा वाचू दे."
वाचलं. अंगठ्याने वर, वर, गुरुवारपर्यंत.
मग स्वतःच ब्लॉक केला,
कुठलं बटण ते मला विचारून.

शेवटची गोष्ट मी सगळ्यांनाच सांगते:
घरात एक परवलीचा शब्द ठरवा.
पैसे मागणाऱ्याला आधी तो विचारा,
आवाज मुलाचा वाटला तरी.
तेल्मूचा जुना नंबर त्यांच्या पाकिटात निघाला,
कालनिर्णयाएवढा जुना कागद नव्हे,
किराणा दुकानाची पावती, मागच्या बाजूला पेन्सिलने.
बँकेच्याच फोनवरून लावून दिला.

"तेल्मू? मी. नाही, मेलेलं कुणी नाही.
एक शब्द हवा आहे. तुला-मला माहीत असलेला.
आईलाही माहीत नसलेला."

पलीकडे यंत्रं चालू होती,
मग कुणीतरी दार लावलं असावं.
दोघंही गप्प. अदेलिनू टोपीची कड फिरवत राहिले,
आणि एकदम हसले, खोकला येईपर्यंत.
मी मान वळवली,
ग्राहक पिन दाबताना वळवतो आम्ही, तशी.
तो शब्द मला ठाऊक नाही.
खिडकीबाहेर एक होडी उलटी उलटी येत
धक्क्याला लागत होती.

मग सांगत बसले ते त्याला:
वारा नैर्ऋत्येचा, लाटा दीड मीटर,
बेर्लेंगा बेट सकाळी दिसलं, आता दिसत नाही,
उद्याही बहुतेक असंच.
अकरा मिनिटं. परदेशी कॉल.
फोनच्या वहीत मी तो लिहिला नाही.