अमर महलच्या पुलाखाली

स्कूटर पंक्चर. रात्रीचे पावणेदहा,
जानेवारीचा दुसरा आठवडा.
मागच्या सीटला दोरीनं बांधलेली
चार इंची दुर्बीण, जुन्या रजईत गुंडाळून.
पंक्चरवाला जेवायला गेलेला.

उरलेले गजरे ओल्या फडक्यात ठेवता ठेवता
ती म्हणाली, "बंदूक हाय का ती?"
आणि खांबामागून तिचा बाप
एकदम उभा राहिला.
"झुंबर, हात लावू नको.
काय बी असू दे. हात लावू नको."

मी रजई सोडली. नळी दाखवली, काच दाखवली.
दोन पुलांच्या मधे आभाळाची चिंधी,
तिच्यात तो एकटाच मावलेला:
निळा, मग हिरवट, मग घटकाभर तांबडा,
कुणालाही न थांबवणारा सिग्नल.

"नाव काय याचं?"
"व्याध."
"म्हंजे?"
"शिकारी," म्हणालो, आणि मग, जरा चाचरत,
"पारधी."

तिनं काचेवरून डोळा काढला,
बापाकडे बघितलं.
"आपला हाय."

तो जवळ आला नाही. लांबूनच विचारलं,
"काय केलंय त्यानं?"
ठाण्यात विचारतात तसं.

हरीण पुलाआड होतं, रोहिणीही.
मी हवेत बोटानं काढून दाखवलं:
बाप लेकीच्याच मागे लागला, हरणाचं रूप घेऊन,
सगळे देव बघत राहिले,
यानं तेवढा बाण सोडला.
तीन चांदण्यांचा, अजून पोटात आहे.

"मग धरला असंल ह्यालाच."
"नाही. सगळ्यांत उजळ केला."
तो काही बोलला नाही. तंबाखू मळत राहिला,
मळून झाली तरी.

मी झुंबरला सांगितलं, हा उजेड
तिथून निघून साडेआठ वर्षं झाली.
"मग मी मोठी. मला नऊ झाली."
थांबून म्हणाली, "शाळेत मानत न्हाईत. दाखला न्हाई."
तारा सरकत काचेच्या कडेला गेला.
"पळाला!"
"तो नाही गं, आपण फिरतोय."
"आमी तर फिरतोच," ती म्हणाली.

चाक बसलं. नळी रजईत गेली.
दोरी माझ्या हातून घेऊन
बापानं स्वतः आवळली,
दोन वेढे, मधून एक फास.

घरी ती गाठ सोडवायला
मला अर्धा तास लागला.
कापली नाही.