आइ

कुताइसीत, रिओनीच्या काठी, मी भाड्यानं राहायचे
त्या घरातला ओतिया पियानो जुळवायचा. जन्मांध.
त्याची त्सिरा, तेरा महिन्यांची,
बोट नाचवत आइ, आइ करायची.
त्यांच्या भाषेत आइ म्हणजे, हे बघ.
मला दरवेळी दुसरंच ऐकू यायचं.

कुत्रा, आइ. किटली, आइ.
बोटाच्या टोकावरून नेस्तानची नजर निघायची
आणि बरोब्बर कुत्र्यापाशी पोचायची.
ओतिया मात्र कान देऊन बसलेला,
बोट हवेत तसंच, अवघडलेलं.
मग रडू.

असे किती दिवस गेले, मोजले नाहीत;
माझ्या परीक्षा होत्या.

नोव्हेंबरात एका सकाळी
ती त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.
बोट उगारलं,
त्याच्या तोंडाकडे पाहिलं,
बोट खाली घेतलं.
कुणी सांगितलं तिला?
त्याची तर्जनी, तारांनी घट्टे पडलेली,
मुठीत धरून ओढत नेली
आणि खिडकीतल्या उललेल्या डाळिंबात खुपसली.
आइ.
नेस्तान आली, की पुन्हा नुसतं बोट.

चंद्राची पंचाईत झाली, फेब्रुवारीत.
तर्जनी काचेवर टेकवली. गार.
छे, हे नव्हे.
बराच वेळ थांबली.
मग ते बोट वळवून
स्वतःच्या उघड्या तोंडावर ठेवलं तिनं,
चार दात, लाळ,
वासलेला जबडा.
ओतिया चाचपत राहिला. म्हणाला,
"अरे वा! एवढा मोठा?"